‘हा खंड कोणत्या अनुच्छेदात बसतो?’ आमदार-खासदारांना घटनेची मर्यादा दाखवून देण्याची रीत

पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले डॉ. डी. सी. वाधवा बिहारच्या जमीनधारणेचा अभ्यास करत होते. राजपत्रं चाळताना त्यांना दिसलं, की जिथे विधिमंडळाचे कायदे असायला हवेत तिथे अध्यादेशच अध्यादेश आहेत. मुदत संपली की तोच मजकूर पुन्हा, बहुतेक वेळा जसाच्या तसा. अनुच्छेद २१३ प्रमाणे अध्यादेश ही अधिवेशन नसतानाची तात्पुरती सोय आहे. सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही, तर तो आपोआप संपतो. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात असे २५६ अध्यादेश पुन्हापुन्हा काढून जिवंत ठेवले गेले होते, त्यातले काही तर १४ वर्षांपर्यंत. वाधवांनी ते एकेक करून मोजले, छापले आणि मग सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. डिसेंबर १९८६ मध्ये निकाल लागला, की ही घटनेशी केलेली लबाडी आहे. बिहार सरकारने वाधवांना खर्चापोटी १०,००० रुपये द्यावेत असाही आदेश झाला.

वाधवा अर्थशास्त्रज्ञ होते, वकील नव्हते. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत, नुसतं मोजलं. म्हणून निवेदन लिहायला कुणी माझ्याकडे आलं, की मी आधी हीच गोष्ट सांगतो.

न्यायालय हा मात्र शेवटचा आणि महागडा टप्पा. कायदा एकदा संमत झाला की तो घटनेला धरूनच आहे असं न्यायालय गृहीत धरतं, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याचं ओझं आव्हान देणाऱ्याच्या डोक्यावर येतं. त्याआधी, विधेयक कागदावर असतानाच हरकत घेतली तर खर्च होतो तो एका पानाचा आणि दोन-तीन संध्याकाळींचा. हा लेख त्याच टप्प्याबद्दल आहे, आणि महाराष्ट्रातल्या नागरिकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

वाईट कायदा वेगळा, घटनाबाह्य कायदा वेगळा

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. एखादा कर वाढला, अनुदान बंद झालं, रस्ता आपल्या गावाऐवजी शेजारच्या गावातून गेला, तर ते निर्णय वाईट असू शकतात. पण वाईट निर्णय घेण्याची मोकळीक घटनेने निवडून आलेल्यांना दिलेली आहे, आणि त्याचा हिशेब निवडणुकीत होतो. अशा प्रत्येक गोष्टीला ‘घटनाबाह्य’ म्हणत सुटलं की त्या शब्दाची धार जाते. मग खरोखर मर्यादा ओलांडली जाते तेव्हा तुमचं कुणी ऐकत नाही.

म्हणून विधेयक हातात आल्यावर पहिला प्रश्न असा: हा विषय या सभागृहाचा आहे का? घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची, राज्याची आणि समवर्ती (दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांची) अशा तीन सूची आहेत. त्या वाचायला अर्धा तास लागतो आणि फार थोडे लोक तो देतात. इथे सहकाराचं उदाहरण घेण्यासारखं आहे. सहकारी संस्था हा राज्यसूचीतला विषय, नोंद ३२. संसदेने ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थांसाठी एक अख्खा नवा भाग घटनेत घातला आणि तो २०१२ मध्ये अमलात आला. महाराष्ट्रानेही २०१३ मध्ये आपल्या सहकार कायद्यात त्याला अनुसरून बदल केले. गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना ती धावपळ आठवत असेल. राज्यांच्या अधिकाराला हात लावणाऱ्या दुरुस्तीला निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते, असं अनुच्छेद ३६८ सांगतो. ती घेतलीच नव्हती. २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो भाग बहुराज्यीय संस्थांपुरताच शिल्लक ठेवला. दोन तृतीयांश बहुमत होतं, हेतूबद्दलही फारशी तक्रार नव्हती, आणि तरीही पायरी चुकली होती.

दुसरा प्रश्न मूलभूत हक्कांचा. अनुच्छेद १३(२) अगदी थेट आहे: हे हक्क हिरावणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कायदा राज्यसंस्थेने करायचा नाही, आणि केलाच तर तो तेवढ्यापुरता शून्य ठरेल. पण हक्क मोकाट नाहीत, हेही मान्य करून पुढे जावं लागतं. भाषणस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, मात्र अनुच्छेद १९(२) मध्ये मोजून दिलेल्या आठ कारणांसाठीच: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. यादी इथे संपते. आता माहिती तंत्रज्ञान कायद्याचं जुनं कलम ६६अ घ्या. डिसेंबर २००८ मध्ये ते संसदेने जवळपास चर्चेविना संमत केलं. त्यात ‘त्रास’, ‘गैरसोय’ असे शब्द होते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आठ कारणांपैकी ‘गैरसोय’ कशात बसते? एवढा एक प्रश्न त्या दिवशी सभागृहात कुणी लावून धरला असता, तर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली नसती. शेवटी २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने नेमकं हेच विचारून ते कलम रद्द केलं. मधली सहा-सात वर्षं मात्र भरून आली नाहीत.

तिसरा प्रश्न समानतेचा. यात महाराष्ट्राने स्वतःचं पुरेसं हसं करून घेतलं आहे. २००५ मध्ये डान्सबारवर बंदी आली, पण तारांकित हॉटेलांना सूट मिळाली. तेच नृत्य गरिबाच्या बारमध्ये अनैतिक आणि महागड्या हॉटेलात नैतिक कसं, याचं उत्तर सरकारला देता आलं नाही. २००६ मध्ये उच्च न्यायालयात आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती बंदी टिकली नाही. त्यानंतर २०१४ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने, चर्चेविना पुन्हा कायदा केला. एकमत झालं म्हणून घटनात्मक अडचण सुटत नाही, याचा इतका ठळक पुरावा दुसरा नसेल.

चौथा प्रश्न अधिकाऱ्याच्या हाती दिलेल्या काठीचा: ती किती लांब आहे, आणि तिच्यावर नजर कुणाची? हा प्रश्न मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. हल्लीची विधेयकं उघडपणे हक्क काढून घेत नाहीत. ती ‘सक्षम प्राधिकाऱ्याला योग्य वाटेल’ अशा चार शब्दांत सगळं उरकतात.

विधेयक शेवटून वाचा

बातमीवरून कधीही निवेदन लिहू नका. मूळ मजकूर मिळवा. विधिमंडळाच्या आणि संसदेच्या संकेतस्थळांवर सादर झालेली विधेयकं असतात, राजपत्रातही छापली जातात.

मिळालं की शेवटची पानं आधी उघडा. ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ तिथे असतं. कायदा कशासाठी हवा आहे हे सरकारने स्वतःच्या शब्दांत तिथे लिहिलेलं असतं, आणि पुढे तेच शब्द तुमच्या कामी येतात. उद्देशात ‘संघटित टोळ्या’ म्हटलं असेल आणि आत खंड (विधेयकातली क्रमांक दिलेली तरतूद) ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणत असेल, तर तुमचा मुद्दा तयार आहे. त्याच्याच जवळ अधिकार सोपवण्यासंबंधीचं ज्ञापन असतं. कोणत्या गोष्टी कायद्यात न लिहिता पुढे नियमांवर ढकलल्या आहेत, हे त्यात सापडतं. शिक्षा, मुदत किंवा अपील यांतलं काही त्या यादीत दिसलं तर तिथे लाल पेन्सिल फिरवा.

मग व्याख्या, आणि त्यानंतर बाकीचं. वाचताना काही शब्दांवर थबकायची सवय लावून घ्या: ‘मत झाल्यास’, ‘किंवा अन्यथा’, ‘विहित करण्यात येईल असे’, ‘त्याचा निर्णय अंतिम असेल’, ‘कोणत्याही दिवाणी न्यायालयास अधिकारिता असणार नाही’. असा प्रत्येक शब्द दोषी असतोच असं नाही. करविषयक कायद्यांत त्यातले काही नेहमीचेच आहेत. पण शिक्षा, जप्ती किंवा बंदीच्या खंडात ते आले तर त्यांचं स्पष्टीकरण मागायलाच हवं.

दोन बारकावे. विधेयकात असतो तो ‘खंड’, संमत झालेल्या कायद्यात ‘कलम’, आणि घटनेत ‘अनुच्छेद’. बोलताना आपण सर्रास ‘घटनेचं कलम १९’ म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही, पण निवेदनात हे शब्द बरोबर पडले की विधी व न्याय विभागातला माणूस कागद बाजूला सारत नाही. दुसरं म्हणजे, अनुच्छेद ३४८ मुळे कायद्याचा अधिकृत पाठ इंग्रजी मानला जातो. मराठी पाठ सौम्य आणि इंग्रजी कडक, असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. निवेदन मात्र खुशाल मराठीत लिहा. केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क अनुच्छेद ३५० प्रत्येकाला देतो.

वेळ साधली नाही तर मुद्दा वाया

राज्यात तीन अधिवेशनं होतात: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. काही वेळा विधेयक सकाळी मांडलं जातं आणि दोन-चार दिवसांत संमतही होतं. अधिवेशन सुरू झाल्यावर जागं होणाऱ्याला फार तर मोर्चा काढता येतो.

त्यामुळे मसुद्याच्या टप्प्यावर लक्ष ठेवा. केंद्रासाठी २०१४ चं विधिपूर्व सल्लामसलतीचं धोरण आहे. त्यानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. तो कायदा नाही, धोरण आहे, आणि ते पाळलं जातंच असं नाही. पण ‘या मसुद्यावर ३० दिवस का दिले नाहीत?’ हे विचारायला त्याचा आधार पुरतो. राज्यापुढे मांडायला माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ग) आहे: लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं ठरवताना त्यासंबंधीची सर्व तथ्यं प्रसिद्ध करायची असतात. हे कलम राज्य सरकारलाही लागू आहे. दहा रुपयांच्या अर्जाने मसुद्याची प्रत मागता येते. मंत्रिमंडळाची कागदपत्रं निर्णय होईपर्यंत मिळत नाहीत, हे धरूनच चाला.

नागरिकांसाठी खरी खिडकी उघडते ती विधेयक समितीकडे गेल्यावर. विधिमंडळात संयुक्त समिती, संसदेत विभागवार स्थायी समित्या (त्या २४ आहेत) किंवा त्या विधेयकापुरती नेमलेली समिती. समिती जाहिरात देऊन हरकती व सूचना मागवते आणि मुदत बहुधा तुटपुंजी असते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचंच पाहा. जुलै २०२४ मध्ये ते पहिल्यांदा आलं, पुढे संयुक्त समितीकडे गेलं, आणि समितीकडे १२ हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये ते संमत झालं, पण आधीच्या मसुद्यातल्या ‘व्यक्ती आणि संघटना’ या शब्दरचनेत, सल्लागार मंडळाच्या रचनेत आणि तपास अधिकाऱ्याच्या दर्जात बदल होऊनच. ते बदल पुरेसे आहेत की नाहीत यावर आजही वाद आहे, आणि तो इथे सोडवायचा नाही. समितीत शब्द बदलतात, एवढंच दाखवायचं आहे. शेवटच्या मतदानात ते बदलत नाहीत.

संसदीय समितीला दिलेलं निवेदन समितीचा गोपनीय दस्तऐवज होतं. दिल्यावर लगेच तेच समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह आवरा. तुमचे मुद्दे सार्वजनिक करायचे असतील तर ते आधीच, स्वतंत्र लेख म्हणून प्रसिद्ध करा.

मत मागू नका, दुरुस्ती मागा

पहिल्या काही वर्षांत मी प्रत्येक निवेदनाच्या शेवटी लिहीत असे: ‘तरी आपण या विधेयकाविरुद्ध मतदान करावे.’ एका आमदारांच्या स्वीय सहाय्यकाने अकरा पानांचा तो गठ्ठा हातात तोलला आणि मला विचारलं, “साहेबांनी आमदारकी सोडावी असं म्हणताय का?” तेव्हा राग आला होता. खरं तर तोच मला विधिमंडळाचं कामकाज शिकवत होता.

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीमुळे पक्षादेश (व्हिप) मोडून मतदान केलं, किंवा मतदानाला गैरहजर राहिलं, तरी सदस्यत्वावर गदा येऊ शकते. सत्ताधारी आमदाराकडे विरोधी मत मागणं म्हणजे त्याच्याकडे अशक्य ते मागणं. तो मान डोलावतो आणि तुमचा कागद टेबलाच्या त्या बाजूला सरकतो.

त्याला जमण्यासारखं मात्र बरंच असतं. पक्षाच्या बैठकीत शंका काढता येते. मंत्र्यांना खासगीत सांगता येतं. विधेयक समितीकडे पाठवण्याची मागणी करता येते. खंडशः चर्चेत दुरुस्ती सुचवता येते, तिची लेखी सूचना मात्र आधी द्यावी लागते. मंत्र्यांकडून सभागृहात स्पष्ट आश्वासन मिळवता येतं: ‘हा खंड अमुक बाबींना लागू होणार नाही.’ असं आश्वासन कार्यवृत्तात नोंदलं जातं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. विरोधी सदस्याला हरकतीचा मुद्दा उपस्थित करता येतो. लोकसभेत तर नियम ७२ खाली विधेयक मांडण्यालाच विरोध करता येतो, आणि ‘हा विषय या सभागृहाच्या अधिकारात नाही’ असा आक्षेप असेल तर अध्यक्ष त्यावर पूर्ण चर्चेची परवानगी देऊ शकतात. खासदाराच्या हाती तयार टिपण असेल तर तो हे करतो. टिपण नसेल तर कुणाला सुचतही नाही, कारण दिवसाला चार-चार विधेयकं समोर येतात आणि ती वाचायला त्याच्याकडेही माणूस नसतो.

तुमचं काम म्हणजे ते टिपण. वकिली भाषेतली प्रस्तावना कुणाला नको असते. त्या माणसाने उभं राहून जे वाक्य म्हणायचं आहे, ते वाक्य त्याला हवं असतं.

एका पानाचं निवेदन

समजा, एका काल्पनिक विधेयकाचा खंड ७ असा आहे: ‘शांततेस बाधा येण्याचा संभव आहे असे सक्षम प्राधिकाऱ्याचे मत झाल्यास, तो कोणत्याही संघटनेचे कार्यालय मोहोरबंद करू शकेल आणि त्याचा निर्णय अंतिम असेल.’ यावरचं निवेदन मी असं लिहीन:

‘विषय: खंड ७ मध्ये दुरुस्ती सुचवणेबाबत.

महोदय, विधेयकाच्या उद्देशाला आमचा विरोध नाही. हरकत केवळ खंड ७ पुरती आहे.

१. संघटना स्थापन करण्याचा हक्क अनुच्छेद १९(१)(ग) देतो. त्यावर अनुच्छेद १९(४) नुसार सार्वभौमता व एकात्मता, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा नीतिमत्ता या कारणांसाठीच वाजवी निर्बंध घालता येतो. “शांततेस बाधा” हे शब्द त्याहून व्यापक आहेत. कायदा-सुव्यवस्थेचा प्रत्येक प्रश्न हा सार्वजनिक सुव्यवस्थेचा प्रश्न नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने राम मनोहर लोहिया प्रकरणात १९६५ मध्येच स्पष्ट केले आहे.

२. केवळ शासनाच्या मतावर, न्यायालयीन तपासणीविना संघटनेवर बंदी घालणारी तरतूद मद्रास राज्य विरुद्ध व्ही. जी. राव या १९५२ च्या निकालात रद्द झाली आहे.

सुचवलेली दुरुस्ती: “शांततेस” या शब्दाऐवजी “सार्वजनिक सुव्यवस्थेस”; “मत झाल्यास” याऐवजी “लेखी कारणे नमूद करून व संघटनेस म्हणणे मांडण्याची संधी देऊन, खात्री झाल्यास”; आणि “त्याचा निर्णय अंतिम असेल” याऐवजी “अशा आदेशाविरुद्ध ३० दिवसांच्या आत जिल्हा न्यायालयाकडे अपील करता येईल”.

विनंती: ही दुरुस्ती आपण मांडावी, अथवा संबंधित मंत्र्यांकडून खुलासा मागावा. केलेली कार्यवाही कळवावी.’

एवढंच. यात कुणावर आरोप नाही, ‘हुकूमशाही’ हा शब्द नाही, घटनेच्या उद्देशिकेचं पठणही नाही. पहिलं वाक्य महत्त्वाचं आहे, पण ते खरं असेल तरच लिहा. अख्ख्या विधेयकालाच तुमचा विरोध असेल तर तसं स्पष्ट म्हणा आणि ‘तरीही किमान’ म्हणून दुरुस्ती द्या. निकालांचा भडिमार करू नका. दोन पुरतात, आणि तेही स्वतः वाचलेले. भ्रमणध्वनीवर फिरत आलेल्या निकालाचं नाव चुकलं तर पुढचं सगळं निवेदन संशयात जातं.

कुणाला द्यायचं आणि कुणाबरोबर जायचं

आपला विधानसभा सदस्य एकच असतो, पण विधानपरिषदेलाही विसरू नका. तिथल्या ७८ सदस्यांपैकी सात पदवीधर आणि सात शिक्षक मतदारसंघांतून येतात. पदवीधर म्हणून नाव नोंदवलेलं असेल तर तुमचा आणखी एक आमदार आहे, आणि त्याच्याकडे गटारी-रस्त्यांच्या अर्जांची रांग नसते. निवेदनाची एक प्रत संबंधित खात्याच्या मंत्र्यांना, एक विधी व न्याय विभागाला, एक समिती असेल तर तिच्या सचिवालयाला. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोच नसेल तर निवेदन दिलंच नाही असं समजा.

विधिमंडळात विनंती अर्ज समिती आहे, संसदेतही दोन्ही सभागृहांच्या याचिका समित्या आहेत. लोकसभेत प्रलंबित विधेयकावर याचिका करता येते. ती सभागृहाला उद्देशून असावी लागते, शेवटी नेमकी मागणी असावी लागते, मराठीत केली तर हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद जोडावा लागतो. न्यायप्रविष्ट विषय चालत नाही. हा मार्ग संथ आहे, पण त्याची नोंद सभागृहाच्या दप्तरी राहते.

ग्रामीण भागात ग्रामसभेचा ठराव हे हत्यार फार कमी वापरलं जातं. एखादं विधेयक गावाच्या जमिनीशी, जंगलाशी किंवा पंचायतीच्या अधिकाराशी संबंधित असेल, तर शंभर सुट्या सह्यांपेक्षा रीतसर कोरमने झालेला एक ठराव जड भरतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना ठाऊक असते. पण त्या गावाची ताकद अभ्यासगटाच्या बैठकांत आणि लिहून ठेवलेल्या ठरावांत होती.

भेटीला चार-पाच जण जा, आणि ते एकाच पक्षाचे नकोत. एक शेतकरी, एक निवृत्त शिक्षिका, एक व्यापारी, आणि शक्यतो आमदारांच्याच पक्षाचा एक जुना कार्यकर्ता. हा शेवटचा माणूस बाकी सगळ्यांपेक्षा कामाचा असतो. सरकार बदललं की घटनेची आठवण होणारी आणि सरकार आपलं आलं की विसरणारी माणसं दोन्ही बाजूंना भरपूर आहेत. तुमचा गट तसा नाही हे समोरच्याला चेहऱ्यांवरूनच कळलं पाहिजे. मागच्या सरकारच्या काळात तुम्ही दिलेल्या एखाद्या निवेदनाची प्रत सोबत असेल तर ती आधी दाखवा.

मोर्च्याला माझा विरोध नाही. नागपुरात हिवाळी अधिवेशनात मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवलेल्या मोर्च्यातून शिष्टमंडळ आत जातं, मंत्री दहा मिनिटं देतात. पण त्या दहा मिनिटांत हातात काय आहे? वरचं एक पान नसेल तर फोटो निघतो आणि भेट संपते.

तिथे ऐकायला मिळणारी तीन उत्तरं

“कोर्ट बघून घेईल.” हे सगळ्यात नेहमीचं. यावर शांतपणे सांगा, की घटनेबद्दल श्रद्धा व निष्ठा बाळगण्याची शपथ आमदार-खासदार स्वतः घेतात. ती न्यायाधीशांवर सोपवता येत नाही. आणि कोर्ट बघेपर्यंत काय होतं, यासाठी ६६अ चं उदाहरण पुरे आहे.

“आमचं सरकार याचा गैरवापर करणार नाही.” माणूस बहुतेक वेळा मनापासून बोलत असतो. त्याला एवढंच विचारा: हाच खंड उद्या तुमच्या विरोधकांच्या हाती गेला तर? इथे महाराष्ट्राचं एक ताजं उदाहरण आहे. जुलै २०२१ मध्ये भाजपच्या १२ आमदारांना विधानसभेने वर्षभरासाठी निलंबित केलं. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण चालू अधिवेशनापलीकडे निलंबन नेण्याचा अधिकार सभागृहाला नव्हता. मर्यादा सभागृहालाही असते आणि ती आमदारांनाच वाचवते. हे उदाहरण दोन्ही बाजूंच्या आमदारांसमोर सांगितलं आहे, आणि दोन्हीकडे खोलीतला सूर बदललेला पाहिला आहे.

“पक्षाची भूमिका ठरली आहे.” हे प्रामाणिक उत्तर आहे, वाद घालू नका. खुलासा मागणं पक्षादेशाविरुद्ध जात नाही, एवढं लक्षात आणून द्या आणि प्रश्नाचं एक वाक्य लिहून हातात ठेवा.

बोलताना आणि नंतर लिहिताना सदस्यांवर हेत्वारोप करू नका. हक्कभंगाची भीती म्हणून नव्हे, जरी तीही खरी आहे. ‘पैसे घेऊन विधेयक आणलं’ असं एक वाक्य छापलं की चर्चा त्या वाक्याची होते आणि खंड ७ तसाच संमत होतो.

तरीही संमत झालं तर

विधेयक राज्यपालांकडे जातं. धनविधेयक नसेल तर अनुच्छेद २०० खाली ते फेरविचारासाठी परत पाठवता येतं किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवता येतं. समवर्ती सूचीतल्या विषयावर केंद्राचा कायदा असताना राज्याने त्याच्याशी विसंगत कायदा केला असेल, तर अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींच्या अनुमतीचा प्रश्न येतो. तो मुद्दा असेल तर राजभवनाला तेच एक पान, नव्या पत्रासोबत पाठवा. तो मुद्दा नसेल तर उगाच आशा ठेवू नका.

त्यानंतर बहुतेक लोक घरी जातात आणि नेमके तेव्हाच नियम तयार होत असतात. अनेक कायद्यांत नियम आधी मसुदा म्हणून राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. ‘विहित करण्यात येईल असे’ म्हणून विधेयकात जे मोघम सोडलं होतं, ते तिथे आकड्यांत उतरतं: किती दिवसांची नोटीस, कोणत्या दर्जाचा अधिकारी, अपील कुणाकडे. खंडात न मिळालेली दुरुस्ती नियमात मिळवल्याची उदाहरणं आहेत, फक्त त्यांची बातमी होत नाही.

आणि कागद जपून ठेवा. निवेदन, पोच, मंत्र्यांचं सभागृहातलं उत्तर, समितीचा अहवाल, त्यातली भिन्नमतपत्रिका (असहमत सदस्यांनी जोडलेलं टिपण), तारखांनिशी एकाच फाईलमध्ये. उद्या कुणी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात गेलंच, तर वकील पहिली मागेल ती हीच फाईल. सरकारला धोका आधी दाखवून दिला होता आणि सौम्य पर्यायही सुचवला होता, हे त्या पानांवरून दिसतं. निर्बंध प्रमाणात होता का, हे तपासताना कमी जाचक मार्ग उपलब्ध होता का, हे न्यायालय पाहतं. तो मार्ग तुमच्या निवेदनात ‘सुचवलेली दुरुस्ती’ या शब्दांखाली, आवक क्रमांकासह लिहिलेला असतो.